दुर्बीण कोणाच्या हातीं?

विद्या दिल्यानें वाढते, असें आपण मुलांना शिकवितों, बक्षीस-समारंभांत टाळ्यांच्या गजरांत उच्चारतों आणि व्यवहारांत मात्र विद्या राखून ठेवल्यानेंच तिचें मोल वाढतें असें समजून वागतों. हा दंभ ज्या ज्या क्षेत्रांत चालतो त्या त्या क्षेत्रांत कोणाचें ना कोणाचें नुकसान होतेंच. परंतु गवयानें चीज राखून ठेवली तर मैफल थोडी फिकी होते. वैद्यानें हातोटी राखून ठेवली तर माणूस मरतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा दंभ आहे. पोटांत दुर्बीण घालून रोग पाहण्याची व शक्य असेल तर तो तेथल्या तेथें बरा करण्याची जी कला, जिला डॉक्टर लोक एंडोस्कोपी म्हणतात, ती आपल्या सामान्य सर्जनांना त्यांच्या शिक्षणाच्या काळांत नीट शिकविली जात नाहीं. आणि ती न शिकविल्याचा दंड मुंबई-पुण्याचा सधन रोगी भरीत नाहीं. तो जव्हार आणि मोखाडा यांसारख्या तालुक्यांतला वारली, कोकणा, ठाकूर आणि कातकरी भरतो, असें आमचें म्हणणें आहे.

लेखक वैद्य नाहीं, मग ही उठाठेव कां, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. दुर्बीण कशी घालावी हा वैद्यकाचा प्रश्न खरा. पण ती घालावयास कोणी, कोणाला आणि कोणत्या क्रमानें शिकवावें हा अध्यापनाचा प्रश्न आहे, आणि ज्याचें अर्धें आयुष्य वर्गांत उभें राहण्यांत गेलें त्याला त्यावर बोलण्याचा अधिकार आहे. शिवाय जी विद्या सार्वजनिक पैशानें चालते तिचा हिशेब मागण्यास नागरिकत्वाखेरीज दुसरी पदवी लागत नाहीं.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. ही दुर्बीण म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, हातभराहून लांब, हवी तशी वळणारी नळी. तिच्या टोंकाशीं दिवा आणि बारीकसा कॅमेरा असतो. आंतून एक पोकळ वाट असते आणि त्या वाटेनें चिमटा, सुई, फांस अशीं उपकरणें पुढें सारतां येतात. ती तोंडावाटे उतरविली म्हणजे अन्ननलिका, जठर आणि लहान आंतड्याचा आरंभ दिसतो. गुदद्वारावाटे घातली म्हणजे मोठें आंतडें दिसतें. रक्ताची उलटी करीत आलेल्या माणसाचें रक्त फुगलेल्या शिरेंतून येतें कीं जठरांतील व्रणांतून येतें, हें तिनें कळतें. आणि हात तयार असेल तर शिरेला रबराचें कडें घालून किंवा व्रणाभोंवतीं औषध टोंचून तें थांबवितांही येतें. मुलाच्या अन्ननलिकेंत अडकलेलें नाणें चिरफाड न करतां काढतां येतें. घास उतरत नाहीं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याची गांठ वेळेवर सांपडते व तिचा तुकडा परीक्षेस पाठवितां येतो. म्हणजे ही कांहीं श्रीमंतांच्या वार्षिक तपासणींतली चैन नव्हे. ज्याच्या पोटांत रक्त वाहत आहे त्याच्या जीवन-मरणाचा तो प्रश्न आहे.

या यंत्राचा इतिहासही कोणा एका पंथाच्या मालकीला अनुकूल नाहीं. १८०६ सालीं फ्रँकफुर्टच्या बोझिनीनें मेणबत्तीच्या उजेडावर शरीराच्या पोकळींत डोकावण्याचें साधन लोकांपुढें मांडलें. १८६८ सालीं कुस्मौल या जर्मन वैद्यानें तलवार गिळून दाखविणाऱ्या खेळ्याच्या घशांतून सरळ नळी जठरापर्यंत उतरविली. १९३२ सालीं शिंडलरनें ती कांहींशी वांकणारी केली. १९५७ सालीं हिर्शोविट्झनें कांचेच्या तंतूंची खरोखर लवचिक दुर्बीण प्रसिद्ध केली; आणि त्या तंतूंच्या मुळाशीं पंजाबांत जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्सबरोबर १९५४ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन होतें. पुढें १९६८ सालीं दुर्बिणीच्या द्वारां पित्तनलिकेच्या मुखांत नळी घालणारा मॅक्यून, १९६९ च्या सुमारास मोठ्या आंतड्यांतील गांठी फांसानें कापून काढणारे वुल्फ व शिन्या, आणि १९८० सालीं गिळतां न येणाऱ्या रोग्याच्या जठरांत दुर्बिणीच्या साह्यानें अन्नाची नळी बसविणारे गाउडरर व पॉन्स्की हे सारे सर्जन होते. ज्या कलेच्या मोठमोठ्या पायऱ्या सर्जनांनीं बांधल्या, ती कला सर्जनाचें काम नव्हे असें आज ऐकावें लागतें, याला काय म्हणावें?

आतां हा प्रश्न घेऊन जव्हारकडे वळूं. १९४८ पर्यंत जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें. पुढें तो भाग ठाणें जिल्ह्यांत गेला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हां जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्यांत आले. २०११ च्या खानेसुमारींत जव्हार तालुक्याची वस्ती सुमारें १ लक्ष ४० हजार व मोखाड्याची सुमारें ८३ हजार भरली; दहांत नऊ माणसें आदिवासी. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां बाकीच्या महाराष्ट्राला या मुलुखाची ओळख झाली. मोटारी आल्या, समित्या आल्या, अहवाल झाले. २०१६ सालीं मोखाड्याचें नांव त्याच कारणानें पुन्हां वर्तमानपत्रांत झळकलें. २०२२ च्या ऑगस्टांत मोखाड्यांतील एका पाड्याहून रस्ता नसल्यामुळें बाळंतिणीला डोलींतून न्यावें लागलें आणि तिचीं जुळीं बालकें वांचलीं नाहींत. अशा बातमीनें आपण हळहळतों. आणि पुढची बातमी येईपर्यंत विसरतों.

जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि तेथें राबणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु रोगी हाताबाहेर जाऊं लागला कीं त्याला नाशिक, ठाणें, मुंबई किंवा सेलवास यांपैकीं एखादी वाट दाखवावी लागते. जव्हारहून नाशिक सुमारें ऐंशी किलोमीटर, वाट घाटाची. रक्त ओकणाऱ्या माणसाला हें अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाहीं. तें रक्ताच्या बाटल्यांत मोजावें लागतें. आणि मौज अशी कीं, राज्यांतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांतून निघणाऱ्या डॉक्टरांना पदवी देणारें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून त्याच नाशकांत आहे. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो याहून निराळा काय असणार?

अशा ठिकाणीं जो तज्ज्ञ जाऊन जाऊन जाईल तो कोण? पोटाच्या विकारांत अतिविशेष पदवी घेतलेला गृहस्थ जव्हारास बिऱ्हाड करणार नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. गेलाच तर सामान्य शस्त्रक्रियेची एम्. एस्. झालेला तरुण जाईल, आणि तोही बहुधा शासनाशीं लिहून दिलेल्या बंधपत्राची वर्षभराची सेवा फेडण्यासाठीं. म्हणजे त्या मुलुखाच्या वांट्याला दुर्बीण यावयाची असेल तर ती या सामान्य सर्जनाच्याच हातून यावयाची. तेव्हां या तरुणाचा हात कसा तयार होतो, हा प्रश्न जव्हारच्या माणसाच्या दृष्टीनें मंत्रिमंडळाच्या घडामोडींपेक्षां अधिक महत्त्वाचा आहे.

तो कसा तयार होतो? एम्. एस्. चा शिक्षणक्रम तीन वर्षांचा. अभ्यासक्रमाच्या कागदावर एंडोस्कोपीचें नांव असतें. परंतु बहुतेक मोठ्या रुग्णालयांत दुर्बिणीची खोली पोटाच्या अतिविशेष विभागाच्या ताब्यांत असते, आणि तेथें अतिविशेष पदवीसाठीं शिकणारे विद्यार्थी असतात. खोलींत पहिला मान त्यांचा. तो त्यांना मिळावा यांत गैर कांहीं नाहीं. पण सर्जनाच्या शिष्याला दुसरा मान तरी मिळतो काय? तो दाराशीं उभा राहतो, पडद्यावर चित्र पाहतो, क्वचित् नळी धरावयास मिळते, आणि तेवढ्यांत वॉर्डांतून त्याला बोलावणें येतें. कारण हा निवासी डॉक्टर म्हणजे रुग्णालयाचा हरकाम्या. कागद भरणें, रक्ताचे नमुने पोंचविणें, क्ष-किरणांचें चित्र मिळवून आणणें, रात्रीं अपघाताचे रोगी सांभाळणें, हीं कामें टाळून शिकावयास जाईल तर वरिष्ठांचा रोष, आणि तीं करीत बसेल तर विद्या हुकली. यंत्र लक्षावधि रुपयांचें व नाजूक. शिकाऊ हातानें तें वांकलें तर जबाबदार कोण, या धास्तीनें शिक्षकही नळी सोडीत नाहीं. सरतेशेवटीं नोंदवहींत ‘पाहिलें’ आणि ‘साह्य केलें’ असे शेरे पडतात, त्यांवर सही होते, आणि परीक्षा पार पडते.

पदवी हातीं आल्यावर या तरुणास आपली उणीव कळते. मग तो सुट्टीच्या दोन दिवसांत भरणाऱ्या शिक्षणवर्गास पैसे भरून जातो, किंवा एखाद्या खाजगी रुग्णालयांत ‘फेलोशिप’ या भारदस्त नांवाखालीं कांहीं महिने राबतो. ज्याच्या घरीं पैसा आहे त्याला ही वाट मोकळी. ज्याच्या बापानें जमीन गहाण ठेवून शिकविलें त्याला ती बंद. आणि पदरचे पैसे खर्चून जो ही कला मिळवितो तो ती जेथें पैसे परत मिळतील तेथेंच नेणार, हें सांगावयास अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको. सार्वजनिक रुग्णालयांत जी विद्या फुकट मिळावयास हवी होती ती बाजारांत विकत घ्यावयास लावून वर त्या तरुणाच्या ‘सेवाभावाच्या अभावा’वर व्याख्यानें द्यावयाचीं, हा प्रकार आम्हांस सभ्यपणाचा वाटत नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकाला ही गोष्ट संगीताच्या उदाहरणानें चटकन् पटेल. एके काळीं घराण्याची चीज म्हणजे घराण्याची तिजोरी होती. शिष्य वर्षानुवर्षें तंबोरा धरी, गुरूच्या घरचें पाणी भरी, आणि अस्सल बंदिश मात्र मुलाच्या किंवा जांवयाच्या वांट्यास जाई. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याचा वर्ग सर्वांस खुला केला. विष्णु नारायण भातखंड्यांनीं दारोदार हिंडून चिजा मिळविल्या, लिहून काढल्या आणि छापल्या. तेव्हां ‘विद्या बाटली’ म्हणून ओरडणारे होतेच. विद्या बाटली नाहीं. घरोघरीं पोंचली, आणि ऐकणाऱ्याला कळावयास लागल्यामुळें गाणाऱ्याचा कसही वाढला. दुर्बिणीच्या खोलीला आज अशाच एका भातखंड्यांची गरज आहे. तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला तोच विद्वान्, ही समजूत गवयांनीं सोडली. वैद्यांनीं तरी ती कां उराशीं धरावी?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. त्याचा पहिला आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, अर्धवट शिकलेल्या हातांत दुर्बीण देणें म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत देणें होय. अन्ननलिका फाटेल, आंतड्यास भोंक पडेल, रोगी दगावेल. हें अक्षरशः खरें आहे. परंतु हा आक्षेप अर्धवट शिकविण्याविरुद्ध आहे, शिकविण्याविरुद्ध नाहीं. अर्धवट शिकलेला हात आज कोण तयार करीत आहे? जे पुरें शिकवीत नाहींत तेच. आधीं शिकवावयाचें नाहीं आणि मग तो शिकलेला नाहीं म्हणून त्याला नालायक ठरवावयाचें, हा न्याय आपल्या समाजानें शूद्रांना व स्त्रियांना शेंकडों वर्षें लावला. त्याच्या कैफियतींत नवें कांहीं नाहीं.

पुरें शिकणें म्हणजे किती, याविषयीं परदेशांतही वाद आहे. अमेरिकेंत सर्जनाच्या शिक्षणक्रमानें वरची दुर्बीण निदान ३५ वेळां व मोठ्या आंतड्याची ५० वेळां स्वतः घातली पाहिजे अशी मर्यादा घातली. उलट तिकडच्या दुर्बीण-तज्ज्ञांच्या संस्थेनें १३० व १४० वेळां हात फिरल्यावांचून योग्यतेचा विचारच करूं नये असें सुचविलें. आंकड्यांतील या तफावतींत शास्त्र किती आणि पंथाभिमान किती, हें वाचकांनींच ठरवावें. आम्हांला अध्यापक म्हणून इतकेंच सांगावयाचें आहे कीं, हजेरीपटावरून विद्वत्ता ठरत नाहीं. कोणाचा हात चाळिसाव्या खेपेस बसतो, कोणाचा दीडशेंव्या खेपेसही बसत नाहीं. म्हणूनच अमेरिकेच्या शस्त्रवैद्यमंडळानें २०१८ च्या सुमारास नव्या सर्जनांस दुर्बिणीची लेखी व प्रत्यक्ष अशी दुहेरी परीक्षा लावली, आणि ती परीक्षा माणसावर नव्हे तर यंत्राच्या पुतळ्यावर घेतली. खेपा मोजाव्यात, पण त्याहून अधिक म्हणजे हात पाहावा. आणि ज्यानें हात पाहिला त्यानेंच सही करावी.

पुतळ्यावर शिकण्याची ही कल्पना अगदीं परकी आहे असें समजून कोणी नाक मुरडूं नये. सुश्रुतसंहितेंत ‘योग्या’ म्हणजे हाताचा सराव, याला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. छेद घेण्याचा सराव कोहळ्या-दुध्यावर करावा, चिरण्याचा पाण्यानें भरलेल्या कातडी पिशवीवर करावा, शिवण्याचा कापडावर व मऊ कातड्यावर करावा, आणि पोकळींत सळई घालून शोध घेण्याचा सराव किड्यांनीं पोखरलेल्या लांकडांत व वेळूच्या नळींत करावा, असें तेथें सांगितलें आहे. शास्त्र पाठ असलेला, पण हात न फिरलेला शिष्य कर्मास अयोग्य, हा त्या अध्यायाचा आशय आहे. पोखरलेल्या लांकडांतून सळई फिरविणारा तो प्राचीन शिष्य आणि रबरी आंतड्यांतून दुर्बीण फिरविणारा आजचा शिष्य यांत फरक कितीसा? सुश्रुताच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्या किती महाविद्यालयांत आज असें रबरी आंतडें सर्जनाच्या विद्यार्थ्यास रोज मोकळें मिळतें, याची चौकशी व्हावी.

दुसरा आक्षेप यंत्राचा. दुर्बीण महाग, ती प्रत्येक खेपेनंतर घासून, धुवून, जंतुनाशकांत ठराविक वेळ बुडवून ठेवावी लागते, खेड्यांत वीज जाते, पाणी आटतें, बिघडलेलें यंत्र दुरुस्तीस मुंबईस जातें आणि तेथेंच राहतें. यांतील अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांची सबब खोटी आहे. याचा पुरावा खुद्द खेड्यांतल्या बायकांच्या तोंडीं आहे. ‘दुर्बिणीचें ऑपरेशन’ हा शब्द त्यांना आपण शिकवावा लागत नाहीं; कुटुंबनियोजनाच्या शिबिरांनीं तो त्यांना केव्हांच शिकविला. १९७० नंतरच्या दोन दशकांत पोटाच्या भिंतींतून घालावयाची दुर्बीण शाळेच्या इमारतींत आणि आरोग्यकेंद्रांत जाऊन पोंचली. तेव्हां वीज होती काय? पाणी होतें काय? शासनाला जन्म थांबवावयाचे होते, तेव्हां दुर्बिणीला वाट सांपडली. मरण थांबवावयाचें म्हटलें कीं मात्र घाट आडवा येतो! यंत्र पोंचत नाहीं असें नाहीं. तें इच्छेच्या मागून जातें.

मुंबईचेंच आणखी एक उदाहरण आहे. जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनीं १९७२ सालीं सर्जनाच्या हातांत पोटाच्या भिंतींतून घालावयाची दुर्बीण आणली, आणि तेथेंच १९९० सालीं भारतांतील पित्ताशयाची पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. गरिबांच्या सरकारी रुग्णालयांत नवी विद्या प्रथम रुजूं शकते, आणि हें सर्जनाचें काम नव्हे ही समजूत एका सर्जनाच्या चिकाटीनें मोडूं शकते, या दोन्ही गोष्टी त्यांनीं सिद्ध करून दाखविल्या. २०२३ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांचें गुणगान पुष्कळ झालें. गुणगानापेक्षां अनुकरण कठीण असतें, एवढेंच.

तिसरा आक्षेप सद्भावनेच्या वेषांत येतो, म्हणून तो अधिक घातक आहे. ज्या मुलुखांत पोरें उपाशी मरतात तेथें दुर्बीण कसली नेतां? आधीं भाकरी न्या, रस्ता न्या, असें सांगणारी मंडळी पुष्कळ आहेत. आम्ही त्यांना विचारतों, भाकरी व रस्ता नेण्यास दुर्बिणीनें कधीं हरकत घेतली? जो पैसा दुर्बिणीस मिळाला नाहीं त्याची भाकरी होऊन ती मोखाड्यास पोंचली काय? शहरांतल्या गरिबाला रक्ताची उलटी झाली तर आपण त्याला आधीं आहाराचा सल्ला देऊन घरीं पाठवीत नाहीं. मग डोंगरांतल्या माणसाच्याच बाबतींत हा क्रम कां लागू व्हावा? ‘त्यांना एवढें पुरे’ हें वाक्य दयेचें दिसतें, पण त्याच्या पोटांत उच्च-नीच भाव दडलेला असतो. उपाशी माणसालाही जठर असतें, आणि त्यांतून रक्त येतें तेव्हां तें इतरांच्याइतकेंच लाल असतें.

चौथा आक्षेप हताशपणाचा. शिकवून काय उपयोग, तरुण तेथें टिकणार नाहींत. वर्ष भरलें कीं पळतील, किंवा दंड भरून आधींच मोकळे होतील. टिकणार नाहींत हें आम्हांसही मान्य आहे. पण न टिकण्याचें एक कारण असें आहे कीं, ज्या कामासाठीं त्याला पाठविलें तें करण्याची विद्या व साधन या दोहोंवांचून तो तेथें बसलेला असतो. रोज रोगी पाहावा आणि रोज चिठ्ठी लिहून त्याला नाशकास धाडावा, यानें कोणत्या तरुणाचें मन रमेल? कर्तबगार माणूस गैरसोय सोसतो. निरुपयोगीपणा सोसत नाहीं. शिवाय माणूस बदलला तरी काम चालू राहील अशी व्यवस्था करतां येते. २०२० च्या नियमांनीं प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यास तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांत काम करणें आवश्यक केलें आहे. हे तीन महिने आज अनेक ठिकाणीं वनवासाचे मानले जातात. त्यांनाच शिक्षणाचे तीन महिने कां करूं नये?

आमची मागणी फार मोठी नाहीं. प्रत्येक महाविद्यालयांत सर्जनाच्या विद्यार्थ्याला दुर्बिणीच्या खोलींत ठराविक महिने मिळावेत, आणि त्या काळांत वॉर्डानें त्याला हांक मारूं नये. प्रथम पुतळा, मग शिक्षकाच्या हाताखालीं माणूस, आणि शेवटीं एकट्यानें काम, हा क्रम कोणाच्याही वशिल्यानें मोडूं नये. ‘पाहिलें’ या शेऱ्याला योग्यतेच्या हिशेबांत शून्य किंमत असावी. जव्हारसारख्या ठिकाणीं दुर्बीण, ती धुणारी शिकलेली परिचारिका आणि ती राखणारा तंत्रज्ञ हीं तिन्हीं एकत्र असावींत. कारण डॉक्टर बदलतो, पण परिचारिका व तंत्रज्ञ त्याच मुलुखांतले असले तर ते टिकतात. नाशिक-ठाण्याच्या अनुभवी तज्ज्ञानें ठरल्या वारीं तेथें जावें, तीन महिन्यांसाठीं आलेल्या विद्यार्थ्यास हातीं धरून शिकवावें, आणि अवघड रोगी स्वतः पाहावा. बाकीच्या दिवशीं पडद्यावरचें चित्र तारेनें त्याच्यापर्यंत पोंचविण्याची सोय आजच्या काळांत अशक्य नाहीं. मोठ्या आंतड्याची दुर्बीण अधिक अवघड. ती पुढें येऊं द्यावी. वरच्या दुर्बिणीनें आरंभ करावा, कारण रक्त ओकणारा माणूस थांबूं शकत नाहीं.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाहीं. जव्हारच्या रोग्याला शिकाऊ हाताचें साधन करण्यासाठीं ही योजना नको. उलट आजपर्यंत तो साधन झालेलाच आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या खाटांवर जे देह पडलेले असतात, ज्यांच्यावर पिढ्यानुपिढ्या विद्यार्थी टांका घालावयास, नाडी पाहावयास, गांठ चांचपावयास शिकले, ते देह कोणाचे? धनिकाचा देह शिकण्यास मिळत नाहीं. तो शिकून तयार झालेल्या हाताकडे जातो. शिकण्यास मिळतो तो मजुराचा, झोपडीवाल्याचा, डोंगरावरून दोन दिवसांची वाट काढून आलेल्या आदिवासीचा. १८४५ सालीं मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें तेव्हांपासून ही देवघेव चालू आहे, आणि तींत घेणें एका बाजूचें व देणें दुसऱ्या बाजूचें राहिलें आहे. कोणत्याही सर्जनाचा कुशल हात हा त्याच्या बुद्धीची एकट्याची कमाई नव्हे. त्यावर त्या अनाम माणसांचें ऋण आहे.

पाण्याच्या बाबतींत हेंच झालें. मोखाड्याच्या हद्दींत वैतरणेवर २०१४ पर्यंत पुरें झालेलें मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवितें, आणि धो धो पाऊस पडणाऱ्या त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका टँकरची वाट पाहत बसतात. मुंबईनें पाणी घेतलें, आणि तिच्या रुग्णालयांनीं तिकडून आलेल्या रोग्यांच्या देहांवर आपले हात तयार केले. खालीं वाहून गेलेलें पाणी पुन्हां डोंगरावर चढविणें कठीण आहे, हें आम्हांस कळतें. तयार झालेला हात मात्र परत पाठवितां येतो. तो पाठवावयाचा कीं नाहीं एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर वैद्यकीय आयोगानें, विद्यापीठानें आणि शासनानें स्पष्ट शब्दांत द्यावें.